शहराची तहान आणि शिवाराचे पाणी

पाण्याची टंचाई ही पूर्वी खेड्याची व्यथा समजली जात असे. उन्हाळा आला की विहिरी तळाला जात, बायाबापड्या घागरी घेऊन मैलभर चालत, आणि शहरात मात्र नळाला पाणी वाहत असे. गेल्या काही वर्षांत ही स्थिती पालटली आहे. भारतात लातूर व चेन्नई, दक्षिण आफ्रिकेत केपटाउन या मोठ्या शहरांवर पाण्याविना राहण्याची पाळी आली. तेव्हापासून या प्रश्नावर सर्वत्र वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, हे सारे हवामानबदलाचे फळ होय. दुसरा म्हणतो, दुष्काळ पूर्वीही पडत होते, दोष नियोजनाचा आहे. तिसरा सारा दोष उसावर ठेवून मोकळा होतो. या वादात शेतकऱ्याचे नाव वारंवार येते. म्हणून त्यातील खरे किती व अपुरे किती, हे शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

लातूरचे उदाहरण

लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ८३ हजार होती. शहरास पाणीपुरवठा होतो तो मुख्यतः बीड जिल्ह्यात केज तालुक्यातील धनेगाव येथे असलेल्या मांजरा धरणातून. या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर आहे. २०१४ साली मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४२ टक्के व २०१५ साली सुमारे ४० टक्के पाऊस कमी पडला. लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसल्याने धरणाचा तळ उघडा पडला. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनास जमावबंदीचा आदेश काढावा लागला. पुढे १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोहोचली. तीत १० टाक्या होत्या व सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. काही दिवसांनी ५० टाक्यांची गाडी सुरू झाली. तिच्या एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येई. ऑगस्टपर्यंत अशा शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या व एकूण सुमारे २५ कोटी लिटर पाणी आणले गेले.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मुबलक पाऊस होऊन मांजरा धरण भरले. एप्रिलमध्ये जेथे पाणी रेल्वेने येत होते, तेथे ऑक्टोबरात धरणातून पाणी सोडण्याचा विचार करावा लागला. एकाच वर्षात दिसलेली ही दोन टोके ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

हवामानबदलाचा वाटा

दुष्काळ या भूमीस नवा नाही. १८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ व १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ जुन्या पिढ्यांनी सोसले. २०१५ सालच्या अवर्षणामागे प्रशांत महासागराचे पाणी तापण्याची ‘एल निनो’ ही प्रबळ स्थिती होती, आणि ती निसर्गतः अधूनमधून येतच असते. यास्तव एखाद्या वर्षी पाऊस पडला नाही की तो केवळ हवामानबदलामुळे पडला नाही, असे म्हणणे शास्त्रास धरून होत नाही.

परंतु एवढ्यावरून हवामानबदल खोटा ठरत नाही. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. तापमान १ अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ही अधिक तहानलेली हवा पाऊस नसताना जमिनीतून, पिकातून व तलावातून अधिक पाणी शोषून घेते, आणि पाऊस पडू लागला की ते पाणी थोड्या वेळात, जोराने ओतते. मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात आढळले. म्हणजे वर्षाचा पाऊस आकड्याने तेवढाच राहिला, तरी मधले खंड लांबतात व सरी जोरकस होतात. खंडात पीक करपते आणि जोरकस सरीचे पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहून जाते.

सारांश, हवामानबदलाने धोका वाढविला आहे, हे खरे. तथापि वाढलेल्या धोक्याच्या वर्षी माणसाची घागर रिकामी राहील की भरेल, हे मात्र पाण्याच्या वाटपावर ठरते.

हिशेब काय सांगतो

लातूरसारख्या शहराची लोकसंख्या ४ लाख धरली व माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले, तर वर्षाला सुमारे २० दशलक्ष घनमीटर पाणी लागते. भरलेल्या मांजरा धरणाच्या उपयुक्त साठ्याचा हा सुमारे नववा हिस्सा होय. बाष्पीभवन व गळती यांमुळे प्रत्यक्षात अधिक पाणी राखून ठेवावे लागेल. तरीही धरण भरलेल्या वर्षी पुढील दोन वर्षांचे पिण्याचे पाणी बाजूस ठेवणे अशक्य नाही, हे यावरून दिसते.

आता शेतीकडे वळू. १ हेक्टरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. उसाच्या पिकास जातीनुसार व हंगामानुसार सुमारे १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. मध्यम मानाने २,००० मिलिमीटर धरले व त्यातील ५०० मिलिमीटर पावसाने भागले असे मानले, तरी उरलेले १,५०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी दीड कोटी लिटर पाणी विहिरीतून वा कालव्यातून द्यावे लागते. ५० टाक्यांच्या सहा गाड्या आणतील तेवढे हे पाणी झाले. लातूरच्या रेल्वेने साऱ्या उन्हाळ्यात जेवढे पाणी वाहून आणले, तेवढे सतरा हेक्टर उसालाही पुरले नसते.

या हिशेबावरून ऊस लावणारा शेतकरी दोषी ठरतो काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. उसास कायद्याने ठरविलेला किमान दर आहे, कारखाना तो घेऊन जातो आणि गारपीट वा अवेळी पाऊस यांतूनही हे पीक पुष्कळसे तगते. उलट २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे पीक भरघोस आले, आणि ५,०५० रुपये क्विंटल हा आधारभाव जाहीर असताना बाजारातील भाव त्याखाली घसरले. ज्या शेतकऱ्याने कमी पाण्याचे पीक घेतले त्याच्या पदरी अशी निराशा आली, तर तो पुन्हा उसाकडे वळतो, यात नवल नाही. म्हणून कमी पाण्याच्या पिकांची वेळेवर व आधारभावाने खरेदी होणे हाही पाणी वाचविण्याचाच एक उपाय आहे.

मात्र उसाची शाश्वतीही पाणी असेल तोवरच असते, हे विसरता कामा नये. महाराष्ट्राचे साखर उत्पादन २०१५-१६ मधील सुमारे ८४ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये सुमारे ४२ लाख टनांवर आले. पाण्याअभावी ज्याचा ऊस वाळला त्याचे बी, खत व वर्षभराचे श्रम वाया गेले आणि कर्ज मात्र उभेच राहिले.

केपटाउनचा धडा

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरास सलग तीन वर्षे, २०१५ ते २०१७, अपुरा पाऊस झाला. हवामानबदलामुळे अशा अवर्षणाची शक्यता सुमारे तिपटीने वाढली होती, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले. नळ बंद करावे लागतील त्या दिवसास तेथे ‘शून्य दिवस’ असे नाव मिळाले होते. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घालण्यात आली. शहराने आपला पाणीवापर पूर्वीच्या निम्म्याहून खाली आणला. शेतीच्या पाण्यातही कपात झाली. त्याच महिन्यात ग्रोएनलँड भागातील फळबागायतदारांच्या पाणीवापर संस्थेने स्वतःच्या धरणांतील सुमारे १,००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडले. पुढे पाऊस झाला आणि शून्य दिवस टळला.

या घटनेत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. शेतकऱ्यांची संस्था संघटित होती व आपल्याजवळ किती पाणी आहे हे तिला नेमके ठाऊक होते, म्हणूनच ती ते देऊ शकली. आणि शहराने स्वतः काटकसर केली होती, म्हणूनच त्यास मागण्याचा अधिकार पोहोचला. जे शहर नळांची गळती थांबवीत नाही व सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरीत नाही, त्याने शेतकऱ्यास उपदेश करणे शोभत नाही.

गावाचा पाण्याचा ताळेबंद

शहराचा हिशेब गावासही तसाच लागू पडतो. उदाहरणादाखल १,००० हेक्टर क्षेत्राचे, २,००० वस्तीचे व १,००० मोठ्या जनावरांचे एक गाव घ्यावे.

माणशी रोज ५५ लिटर व जनावरामागे ५० लिटर धरल्यास पिण्यासाठी व घरवापरासाठी वर्षाला सुमारे ६ कोटी लिटर पाणी लागेल. ७०० मिलिमीटर पाऊस झाल्यास शिवारात ७०० कोटी लिटर पाणी पडते. त्यापैकी दहावा हिस्सा भूगर्भात मुरतो असे मानल्यास ७० कोटी लिटर जमा होतात. पिण्याचे ६ कोटी वजा जाता सिंचनास ६४ कोटी उरतात. या गावात ४० हेक्टर ऊस असेल, तर त्यास ६० कोटी लिटर लागतील. म्हणजे चांगल्या वर्षी कसेबसे भागते.

पुढील वर्षी पाऊस ४०० मिलिमीटरवर आला तर भूगर्भात ४० कोटीच जमा होतील. ऊस मात्र शेतात उभा असतो व त्यास ६० कोटी लागतातच, किंबहुना पाऊस कमी म्हणून थोडे अधिकच लागते. जमा ४० व खर्च ६०, अशा गावात प्रथम उथळ विहिरी आटतात. नेमके त्याच विहिरींवर गावचे पिण्याचे पाणी अवलंबून असते. मग खोल विंधन विहिरी घेण्याची शर्यत लागते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटीफटींतूनच साठते. त्यामुळे खोल जाणारा नवे पाणी निर्माण करीत नाही, बहुधा शेजाऱ्याच्याच विहिरीचे ओढतो.

याच दुष्काळी वर्षात पिण्याचे ६ कोटी बाजूस ठेवून उरलेल्या ३४ कोटी लिटरांचा विचार केला, तर त्यात २२ हेक्टर ऊसच निघेल. तेच पाणी हरभऱ्यास ६० मिलिमीटरच्या दोन संरक्षित पाळ्या देण्यास वापरले तर सुमारे २८० हेक्टर पीक हाती लागेल. एकीकडे थोड्यांची बागायत व गावास टँकर, तर दुसरीकडे अनेकांच्या घरी दाणा व गावात पाणी, असा हा निवाडा आहे.

काय करावे

१. ग्रामपंचायतीने पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवावी व निवडक विहिरींची पाणीपातळी दर महिन्यास मोजावी.

२. पावसाळा संपताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा. पिण्याचे पाणी प्रथम वजा करून मगच पिकांचा आराखडा ठरवावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या कमी पावसाच्या गावाने हीच वहिवाट पाडली आहे आणि सिंचनासाठी विंधन विहीर घेण्यास बंदी केली आहे.

३. ऊस घ्यावयाचाच असेल तर ठिबकावर, पाचटाचे आच्छादन करून व पाणी पुरेल तेवढ्याच क्षेत्रावर घ्यावा. परंतु ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढविल्यास गावाची बचत शून्य होते.

४. सोयाबीन रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरावे. जोराच्या पावसात जादा पाणी सरीतून निघून जाते व खंडात सरीतील ओल पिकास आधार देते.

५. बांधबंदिस्ती, नालाबांध व पाझर तलाव यांची दुरुस्ती व गाळ काढण्याचे काम उन्हाळ्यात पुरे करावे. नवीन काम करण्यापूर्वी जुने नीट करावे.

६. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे. ही गोष्ट कर्ज काढण्यापूर्वीच शेतकऱ्यास समजावून सांगावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

हा ताळेबंद कागदावर सोपा असला तरी गावात मांडणे सोपे नाही. ज्याच्याकडे अधिक पाणी आहे त्याला तो आपल्या विरुद्धचा वाटतो. यास्तव कार्यकर्त्याने कोणाचेही नाव घेऊन दोष देऊ नये. प्रथम आकडे फळ्यावर मांडावेत, गेल्या तीन वर्षांचा पाऊस व विहिरींची पातळी शेजारी लिहावी, आणि बेरीज-वजाबाकी गावकऱ्यांकडूनच करवून घ्यावी. स्वतः काढलेला आकडा माणूस सहसा नाकारीत नाही. पाणी भरणाऱ्या स्त्रियांना या सभेस आवर्जून बोलवावे, कारण कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते याची अचूक माहिती त्यांनाच असते.

हवामानबदल रोखणे एका गावाच्या हाती नाही. तो जगातील मोठ्या राष्ट्रांनी मिळून सोडवावयाचा प्रश्न आहे. परंतु पडलेल्या पाण्याचा पहिला हंडा कोणाचा, हे ठरविणे पूर्णपणे गावाच्या हाती आहे. ज्या गावाने हे सुकाळात ठरविले, त्यास दुष्काळात भांडण्याची वा रेल्वेची वाट पाहण्याची पाळी येणार नाही.