एका सामन्याचा गुणतक्ता

प्रस्तावना

कथा, कविता, निबंध यांचे वाचन आपण करतोच. परंतु तक्ता वाचणे हेही एक महत्त्वाचे भाषिक कौशल्य आहे. गुणपत्रिका, विजेचे बिल, रेल्वेचे वेळापत्रक, मजुरीचा हिशेब अशा अनेक तक्त्यांशी आपला नेहमी संबंध येतो. पुष्कळदा आपण त्यांतील सर्वांत मोठा किंवा शेवटचा आकडा तेवढा पाहतो आणि बाकीचे रकाने न वाचताच तक्ता बाजूला ठेवतो. प्रस्तुत पाठात अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या एका प्रसिद्ध सामन्याची आकडेवारी दिली आहे. तिच्या आधारे तक्ता लक्षपूर्वक कसा वाचावा, हे आपण पाहू.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• तक्त्यातील माहिती स्वतःच्या शब्दांत मांडता येईल;
• एकूण संख्या आणि प्रमाण यांतील फरक सांगता येईल;
• तक्ता काय सांगतो व काय सांगत नाही, याचा विचार करता येईल.

मूळ पाठ

२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स या संघांत सामना झाला. प्रेक्षक होते अवघे ४,१२४. दूरचित्रवाणीवरून त्याचे प्रक्षेपण झाले नाही. वॉरियर्सने हा सामना १६९ विरुद्ध १४७ गुणांनी जिंकला आणि त्यांच्या विल्ट चेंबरलेन या खेळाडूने एकट्याने १०० गुण मिळवले. सामन्यानंतर संघाचे प्रसिद्धिप्रमुख हार्वी पोलॅक यांनी एका कागदावर १०० हा आकडा लिहून चेंबरलेन यांच्या हाती दिला. तो कागद धरलेले त्यांचे छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. लोकांच्या स्मरणात राहिला तो हाच एक आकडा. संपूर्ण सामना समजून घ्यायचा, तर मात्र गुणतक्त्याकडेच वळावे लागते.

त्या काळी या स्पर्धेत खेळताना केलेल्या प्रत्येक बास्केटला २ गुण मिळत. प्रतिपक्षाने फाउल केल्यास मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला, म्हणजे फ्री थ्रोला, १ गुण असे. तीन गुणांची बास्केट तेव्हा नव्हती. ती १९७९-८० च्या हंगामापासून आली. वॉरियर्सच्या गुण मिळवणाऱ्या खेळाडूंचा तक्ता असा :

| खेळाडू | बास्केट / प्रयत्न | फ्री थ्रो / प्रयत्न | गुण |
|---|---|---|---|
| विल्ट चेंबरलेन | ३६ / ६३ | २८ / ३२ | १०० |
| अल ॲटल्स | ८ / ८ | १ / १ | १७ |
| पॉल ॲरिझिन | ७ / १८ | २ / २ | १६ |
| टॉम मेशेरी | ७ / १२ | २ / २ | १६ |
| गाय रॉजर्स | १ / ४ | ९ / १२ | ११ |
| यॉर्क लारीस | ४ / ५ | १ / १ | ९ |
| एकूण | | | १६९ |

प्रथम चेंबरलेन यांची ओळ वाचू. ३६ बास्केटचे ७२ गुण आणि २८ फ्री थ्रोंचे २८ गुण मिळून १०० होतात. याच ओळीत आणखी एक गोष्ट दिसते. ६३ प्रयत्नांपैकी ३६ यशस्वी, म्हणजे २७ प्रयत्न हुकले. यशाचे प्रमाण सुमारे ५७ टक्के. विक्रमाच्या ओळीतही अपयशाची नोंद असते, ती वगळून विक्रम होत नाही.

आता ॲटल्स यांची ओळ पाहा. त्यांचा एकही प्रयत्न वाया गेला नाही. मग ते चेंबरलेन यांच्याहून श्रेष्ठ ठरतात काय? तसे म्हणता येणार नाही. ८ प्रयत्नांवरील शंभर टक्के आणि ६३ प्रयत्नांवरील ५७ टक्के यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. संख्या आणि प्रमाण ही दोन्ही एकत्र वाचावी लागतात.

एका दिवसाच्या आकड्यांवरून माणसाची नेहमीची क्षमता कळते, असेही नाही. फ्री थ्रो ही चेंबरलेन यांची दुबळी बाजू मानली जाई. त्या संपूर्ण हंगामात त्यांचे यश सुमारे ६१ टक्के होते. त्या रात्री ते ८७.५ टक्के झाले. हंगामाची आकडेवारी जवळ नसती, तर हा फरक आपल्या ध्यानी आला नसता.

रॉजर्स यांच्या नावापुढे केवळ ११ गुण आहेत. परंतु वरील तक्त्यात न घेतलेला ‘असिस्ट’ हा आणखी एक रकाना असतो. ज्याने दिलेल्या चेंडूवर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली, त्याच्या नावे असिस्ट नोंदवतात. रॉजर्स यांचे असिस्ट होते २०, तर चेंबरलेन यांचे २. गुणांच्या रकान्यात मागे असलेला खेळाडू या रकान्यात कितीतरी पुढे आहे.

काही रकाने तर त्या काळी नव्हतेच. प्रतिपक्षाची फेक हवेतच अडवणे आणि त्याच्याकडून चेंडू हिसकावणे या गोष्टींची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. तत्पूर्वीही खेळाडू ती कामे करीतच होते, मात्र ती मोजली जात नव्हती. जे मोजले जात नाही, ते घडलेच नाही असे मानू नये. कोणते रकाने ठेवायचे हे माणसेच ठरवतात. म्हणून कोणाच्याही कामाचा तक्ता वाचताना, त्यात कोणता रकाना नाही, हेही विचारावे.

शब्दार्थ

रकाना – तक्त्यातील उभा कप्पा. प्रतिपक्ष – विरुद्ध बाजूचा संघ. हंगाम – स्पर्धेचा ठरावीक कालावधी. प्रमाण – एकूण संख्येशी असलेले नाते.

पाठगत प्रश्न

१. ॲरिझिन व मेशेरी यांचे गुण समान आहेत. बास्केटच्या यशाचे प्रमाण कोणाचे अधिक?
२. रॉजर्स यांचे ११ गुण कसे झाले?

तुम्ही काय शिकलात?

• तक्त्यातील एकच आकडा पूर्ण माहिती देत नाही.
• संख्या, प्रमाण आणि कालावधी यांचा एकत्रित विचार करावा.
• नोंद नसलेल्या कामाचेही महत्त्व असते.

स्वाध्याय

१. अल ॲटल्स यांच्या खेळाचे वर्णन तक्त्याच्या आधारे चार वाक्यांत करा.
२. घरकाम करणाऱ्या व्यक्तीच्या एका दिवसाच्या कामांचा तक्ता तयार करा. कोणती कामे रकान्यात बसत नाहीत, ते लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. मेशेरी, त्यांनी १२ प्रयत्नांत ७, तर ॲरिझिन यांनी १८ प्रयत्नांत ७ बास्केट केल्या.
२. एका बास्केटचे २ आणि नऊ फ्री थ्रोंचे ९ गुण.