चावी आत, दारं बंद: आधी आत कोण आहे ते पाहा

गाडीची चावी आत राहून दारं लॉक झाली, तर पहिला प्रश्न एकच: आत कोणी आहे का? लहान मूल, म्हातारं माणूस, आजारी माणूस किंवा मुकं जनावर आत असेल तर काच फोडायची. कोणी नसेल तर कसलीही घाई करायची नाही. वाचताना हे अगदी सोपं वाटतं. पण भर उन्हात, चारी बाजूंनी माणसं जमलेली असताना तेवढंच सुचत नाही, हे मी राजगुरुनगरमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

लग्नसराई होती. कार्यालयातून निघून दादा, वहिनी आणि मी एसटी स्टँडच्या बाजूला थोडं सामान घ्यायला थांबलो. दादा दुकानात गेला. पुतण्याला मागच्या सीटवर झोप लागली होती. वहिनीनं भरगच्च पर्स पुढच्या सीटवर ठेवली, दार लावलं आणि ती पलीकडच्या बाजूनं गाडीत बसायला निघाली. तेवढ्यात लॉक पडल्याचा आवाज झाला. पर्समधल्या रिमोटचं बटण कशाखाली तरी दाबलं गेलं होतं. चारही दारं बंद, चावी आत, काचा वर आणि बाळ आत.

पाहता पाहता गर्दी जमली. प्रत्येकाला मनापासून मदत करायची होती, प्रत्येकाकडे उपाय होता. कोणी पट्टी आणली, कोणी तार वाकवली. एकानं सांगितलं, घरी फोन लावा आणि दुसऱ्या चावीचं बटण मोबाइलजवळ धरून दाबायला सांगा. दुसऱ्यानं टेनिसचा चेंडू अर्धा कापून कुलपावर दाबायचा उपाय सुचवला. दुसरी चावी भोसरीला घरी होती, म्हणजे चाकण ओलांडून पलीकडे. चावीवाल्याला फोन लावला, तर तो चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेला. तिथली वाहतूक ज्यांना माहीत आहे, त्यांना ‘आलोच’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. तोवर बाळ जागं होऊन रडायला लागलं होतं. वहिनी काचेवर हात ठेवून त्याला हाका मारत होती.

शेजारचा पंक्चरवाला गर्दीतून पुढे आला. “लेकरू आत हाय ना? मग वाट कुणाची बघताय?” एवढंच बोलून त्यानं हातोडी आणली. बाळ मागे होतं, म्हणून त्यानं पुढच्या दाराची काच निवडली आणि कोपऱ्यात ठोका दिला. दार उघडलं. बाळ घामानं निथळत होतं, चेहरा लालबुंद झाला होता. सावलीत नेऊन अंग पुसलं, पाणी पाजलं आणि तडक डॉक्टरांकडे नेलं. सुदैवानं सगळं ठीक होतं. त्या माणसाचं ते एक वाक्य मात्र प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत पोचावं असं मला तेव्हापासून वाटतं.

घाई का करायची, ते आकड्यांवरून कळतं. बंद गाडी किती तापते याचा अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ साली ‘पीडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसनं वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३५ अंश असतील, तर अर्ध्या तासात आत पन्नाशी ओलांडली जाते. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगानं तापतं. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो. चावीवाला चाकणहून निघून येईपर्यंतचा वेळ आपल्याला मोठा वाटत नाही, बंद गाडीतल्या बाळासाठी तो फार मोठा असतो.

म्हणून आत कोणी असेल तर हा क्रम पाठ ठेवा. सगळी दारं आणि डिकी एकेकदा ओढून पाहा. एकानं लगेच ११२ ला फोन लावावा. आतल्या जिवाची हालचाल मंदावली असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. मूल चार-पाच वर्षांचं असेल आणि शुद्धीवर असेल, तर काचेतून खुणा करून त्याला आतला हँडल ओढायला सांगा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर ती आतून उघडणार नाहीत, म्हणून त्याला पुढच्या सीटवर बोलवा. १ जुलै २०१९ पासून प्रवासी गाड्यांमध्ये सेंटर लॉक हातानं उघडण्याची सोय सक्तीची आहे. तेव्हा नव्या गाड्यांत वीज बंद पडली तरी आतून दार उघडता येतं. पण हे मुलाला आधी शिकवलेलं हवं. आतला हँडल, पुढच्या सीटवर यायची वाट आणि हॉर्न, या तीन गोष्टी घरच्या अंगणात एकदा करून घ्या. बहुतेक गाड्यांत चावी नसतानाही हॉर्न वाजतो.

एवढं करूनही दार उघडलं नाही, तर काच. समोरची काच फोडायला जाऊ नका. ती दोन थरांमध्ये चिकट पडदा घालून केलेली असते, तडे जातात पण ती जागची हलत नाही. बाजूच्या काचा बहुधा कडक केलेल्या असतात, फुटल्या की त्यांचे बारीक खडे होतात. आतल्या माणसापासून सर्वांत लांबची काच निवडा. मधोमध मारू नका, खालच्या कोपऱ्यात मारा. हातोडी, पाना, टोकदार दगड, जे असेल ते चालेल. हाताला टॉवेल किंवा ओढणी गुंडाळा, तोंड बाजूला फिरवा. काच नंतर बसवता येते.

आत कोणी नसेल, तर नेमकं उलटं वागायचं. मग पट्टी आणि तार दूर ठेवा. पूर्वीच्या गाड्यांचं लॉक पट्टीनं उघडायचं, ते खरं आहे. पण आता दाराच्या पोकळीत काचेची मोटार, वायरिंग आणि काही गाड्यांत एअरबॅगचे सेन्सर असतात. त्यात पट्टी घुसवली तर चावी मिळते आणि वर दुरुस्ती पदरात पडते. फोनवरून रिमोट ऐकवायचा उपायही सोडून द्या. रिमोट रेडिओ लहरींवर चालतो आणि फोन फक्त आवाज पोचवतो. चेंडूचीही तीच गत, कारण आजचं सेंटर लॉक विजेच्या मोटारींवर चालतं, हवेच्या दाबावर नाही. जाणता चावीवाला दाराच्या फटीत हवेची पिशवी फुगवून, लांब सळीनं आतलं बटण दाबतो. त्याची वाट पाहा, काम सुरू होण्याआधी पैसे ठरवा आणि गाडी तुमची असल्याचा कागद तयार ठेवा. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलं असेल, तर आधी तो नंबर लावा. मोबाइल ॲपवरून उघडणारी गाडी असेल तर उत्तमच. मात्र ते ॲप चालू वर्गणीवर आणि नेटवर्कवर चालतं. राजगुरुनगरहून वाड्यामार्गे भीमाशंकरकडे निघालात, की डोंगरात नेटवर्कचा भरवसा धरू नका.

खरी सोय आधीच करून ठेवायची असते. आपल्या पट्ट्यात चाकण, मोशी, भोसरीला नोकरीसाठी आलेली हजारो कुटुंबं राहतात. अनेकांची दुसरी चावी गावाकडच्या कपाटात असते. ती तिथे जपून राहते, पण गरजेच्या वेळी तिचा काही उपयोग होत नाही. ती तासाभरात हाती येईल अशा ठिकाणी, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. गाडीतच कुठेतरी लपवून ठेवू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात, हेही ध्यानात असू द्या.

नव्या चावीत चिप असते, त्यामुळे डुप्लिकेट महाग पडते. पण चिप लागते ती इंजिन सुरू करायला. दाराला चावीचं भोक असेल तर नुसती धातूची, बिनचिपची चावीही दार उघडते. ती कमी पैशांत होते, पाकिटात मावते. बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर रिमोटच्या पोटात एक छोटी चावी दडलेली असते. ती बाहेर काढून ड्रायव्हरच्या दारावर कशी चालते, हे एकदा प्रत्यक्ष करून पाहा. काही गाड्यांत ते भोक हँडलवरच्या झाकणाखाली असतं. रिमोटचा सेलही वेळेवर बदला. अशा गाड्या चावी आत असल्याचं बहुधा ओळखतात आणि लॉक होत नाहीत. पण सेल उतरला असेल किंवा चावी डिकीतल्या सामानात गेली असेल, तर ती ओळख चुकू शकते.

आणखी एक धोका चावी घरात खुंटीवर असतानाही असतो. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात तीन मुलं घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला एका बंद पडलेल्या गाडीत दोन भावंडं गेली. मुलं आपणहून आत शिरतात आणि त्यांना बाहेर पडता येत नाही. दारातली गाडी दोन मिनिटांसाठी असली तरी लॉक करा. सोसायटीत, गॅरेजमागे किंवा शेताच्या बांधावर धूळ खात पडलेल्या गाड्याही कुलूपबंद ठेवा. मूल दिसेनासं झालं, तर विहीर आणि रस्ता शोधताना जवळपासच्या गाड्यांचीही दारं उघडून पाहा.

आमच्या घरात आता एक नियम आहे आणि तो पाहुण्यांनाही लागू आहे: चावी हातात दिसल्याशिवाय गाडीचं शेवटचं दार लावायचं नाही. चावी पर्समध्ये नाही, सीटवर नाही, डिकीच्या काठावर नाही, हातातच. हा नियम तुमच्या घरी आजच लावा. आणि कधी रस्त्यात बंद गाडीभोवती गर्दी दिसली, तर उपाय सुचवण्याआधी पुढे होऊन आत कोणी आहे का ते पाहा. असेल, तर काच फोडायला परवानगीची वाट पाहू नका.