शेरा आणि संवाद

कर्मचाऱ्यांच्या कामाचे वार्षिक मूल्यमापन हा प्रशासनाचा नित्याचा भाग होय. पदोन्नतीचा निर्णय बव्हंशी त्यावर अवलंबून असतो. मात्र ज्याच्याविषयी शेरा लिहावयाचा, त्याच्याशी वरिष्ठांनी कसे बोलावे, याचा विचार क्वचितच होतो.

शेरा न कळविल्याने काय घडते, हे देव दत्त यांच्या प्रकरणावरून दिसून येते. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या कार्यकारी अभियंत्याच्या 1993-94 च्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. पदोन्नतीसाठी 'फार चांगला' आवश्यक असल्याने ती हुकली. शेरा त्यांना कळविलाच गेला नव्हता. मग दाद मागणार कशी? सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निर्णय दिला, की शेरा प्रतिकूल असो वा अनुकूल, तो कळविलाच पाहिजे. तोवर ते सेवानिवृत्त झाले होते. 2009 मध्ये केंद्र शासनाने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास दाखविण्याची व त्यावर निवेदन देण्यासाठी 15 दिवसांची मुदत देण्याची पद्धत लागू केली.

उणीव स्पष्ट सांगितली आणि उत्तर ऐकून घेतले, तर काय साधते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे आहे. प्रसंग कर्मचाऱ्याचा नसला, तरी तो मूल्यमापनाचाच आहे. माण तालुक्यातील या दुष्काळी भागातील स्त्रियांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बँक काढण्याचे ठरविले. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण कळल्यामुळे वाट दिसली. स्त्रियांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले व त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. कोणत्याही मुद्दलावरील व्याज आम्ही तोंडी काढून दाखवितो. आपल्या अधिकाऱ्यांनीही ते गणकयंत्राविना काढावे, असे त्यांनी सांगितले. परवाना मिळाला आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

हाच धडा कार्यालयात लागू पडतो. समजा, एखाद्या लिपिकाची करवसुली कमी झाली. 'तुम्हाला कामात रस नाही' असे म्हटल्यास तो स्वभावावरील आरोप ठरतो व बोलणे तेथेच खुंटते. त्याऐवजी 'मार्चअखेर इतकी थकबाकी राहिली. कोणती अडचण आली?' असे विचारल्यास दुष्काळ, रिक्त पदे वा अपुरी नोंदवही, असे खरे कारण पुढे येते. खरोखरच हयगय झाली असेल, तर तीही आकड्यांपुढे लपत नाही.

असे बोलणे एकांतात व्हावे. चांगल्या कामाचा उल्लेखही तितक्याच नेमकेपणाने करावा. सुधारणेची मुदत उभयतांनी ठरवून लिहून ठेवावी. मुख्य म्हणजे, वर्षभर मौन पाळून वर्षअखेरीस शेरा मारू नये. वेळीच सांगितलेली उणीव भरून काढता येते. फाईलमध्ये दडलेली उणीव मात्र कर्मचाऱ्याचे नुकसान करते आणि काम सुधारण्याची संधीही कार्यालयाच्या हातून जाते.