हात आधी पुतळ्यावर बसू द्या

नीट परीक्षेचा निकाल जाहीर झाला की केवळ सोलापूर शहरातच नव्हे, तर बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढे, सांगोले या तालुक्यांतील ज्या ज्या घरांत ७२० पैकी मिळालेल्या गुणांचा हिशेब पुनःपुन्हा मांडला जात असतो, त्या त्या घरांत वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयांची माहितीपत्रके येऊन पडू लागतात. आणि अलीकडे या गुळगुळीत कागदांवर इमारतीच्या छायाचित्राखालोखाल जे दुसरे छायाचित्र हटकून आढळते, ते असते एका प्रकाशमान टेबलाचे, ज्याच्या काचेवर बोट फिरवताच मानवी देहाची त्वचा, स्नायू, रक्तवाहिन्या आणि अस्थी असे एकेक पटल दूर होत जाते. पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत असेच ते दृश्य असते. मग फीच्या आकड्याने आधीच धास्तावलेला पालक विचारतो, की हे टेबल जेथे आहे तेथेच मुलाला घालावे काय, आणि जेथे ते नाही तेथला डॉक्टर कच्चा राहील काय?

या प्रश्नात भाबडेपणा असला तरी तो वावगा नाही. कारण गेल्या काही वर्षांत वैद्यकाच्या अध्यापनात जे पालटले आहे ते खरोखरच मोठे आहे. फक्त ते त्या छायाचित्रात दिसत नाही.

मुळात, देहावर शस्त्र चालवण्यापूर्वी निर्जीव वस्तूवर हात बसवावा, हा विचार संगणकाने आणलेला नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याच्या हस्ताभ्यासाचा जो तपशील आला आहे तो आजच्या कोणत्याही कौशल्य प्रयोगशाळेच्या चालकाने वाचावा असा आहे: छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर करावा, शिरावेधाचा सराव मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा, अडकलेली वस्तू ओढून काढण्याचा सराव फणसाच्या गरावर आणि मेलेल्या जनावरांच्या दातांवर करावा, आणि पट्टी बांधण्याचा सराव तर मनुष्याकृती पुतळ्याच्या अंगप्रत्यंगांवर करावा. पश्चिमेकडे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी कृत्रिम मस्तक, ज्याला दंतमहाविद्यालयांत ‘फँटम हेड’ म्हणतात, ते १८९४ साली ओसवाल्ड फर्गस याने पुढे आणले; आणि १९६० साली नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लेरडाल याने तोंडाने श्वास देण्याचा सराव करण्यासाठी जो ‘रेसुसी अॅन’ नावाचा पुतळा घडवला, त्याचेच वंशज आज आपल्याकडील प्रयोगशाळांत आडवे पडलेले दिसतात.

नवे झाले ते असे, की हा अभ्यास आता गुरूच्या मर्जीवर राहिला नाही, तो नियमात आला. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशभर एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला अमुक विषय ‘माहीत आहे’ एवढ्यावर भागत नाही. तो ते कसे करावे हे सांगू शकतो काय, करून दाखवू शकतो काय आणि अखेरीस प्रत्यक्ष रुग्णावर स्वतंत्रपणे करतो काय, अशी ही चढती भाजणी अमेरिकेतील जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडली होती, आणि तिच्याच धर्तीवर आपल्या अभ्यासक्रमातील शेकडो कौशल्यांची वर्गवारी केलेली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंदवही असते, तिला सारे ‘लॉगबुक’ म्हणतात, आणि केलेल्या कामावर शिक्षकाची सही पडल्याखेरीज ते काम झाले असे धरले जात नाही. परीक्षेतही स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली, एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जात ठराविक मिनिटांत एकेक कृती करून दाखवण्याची पद्धत वापरली जाते. पाठांतराच्या बळावर तरून जाणाऱ्या हुशार मुलांची या ठाण्यांवर बरीच तारांबळ उडते.

या बदलाचे खरे समर्थन मात्र शैक्षणिक नाही, नैतिक आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. पूर्वीचा विद्यार्थी पहिली सुई, पहिला टाका, पहिली मूत्रनलिका कोणावर शिकत असे? शासकीय रुग्णालयात फुकट उपचारासाठी आलेल्या, तक्रार कोठे करावी हे ठाऊक नसलेल्या आणि डॉक्टरसाहेबांना नाही म्हणण्याची ज्याची छाती नाही अशा गरीब माणसावर. शिरेत सुई दोनदा-तीनदा चुकली तर ते दुःख त्याच्या वाट्याचे. रबरी हातावर ती वीस वेळा चुकली तरी कोणाचे काही बिघडत नाही. म्हणून जेथे कौशल्य प्रयोगशाळा खरोखर चालते तेथे विद्यार्थ्याचा जेवढा लाभ होतो त्याहून अधिक, माझ्या मते, त्या अनाम रुग्णाचा होतो.

दंतवैद्यकाबद्दल मला थोडे अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण एमबीबीएस हुकले म्हणून नाइलाजाने बीडीएस, अशा खिन्न मुद्रेने या शाखेकडे वळणारी कुटुंबे अद्याप पुष्कळ आहेत. चार वर्षे आणि वर छात्रसेवेचे (इंटर्नशिपचे) एक वर्ष असा हा अभ्यासक्रम पहिल्या दिवसापासून हाताचा आहे. पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरून काढायची असते, तिचे उंचवटे, खाचा आणि उतार मापाबरहुकूम आले पाहिजेत. दुसऱ्या वर्षी फँटम हेडपुढे बसून, आरशात उलटे दिसणारे दृश्य पाहत, डाव्या हातात आरसा आणि उजव्या हातात फिरते यंत्र धरून, कृत्रिम दातात मिलिमीटरच्या अंशाने खोली राखत पोकळी कोरायची असते, आणि हे सारे पाठीचा कणा न वाकवता. तिसऱ्या वर्षी खुर्चीत जिवंत माणूस येतो, जो लाळ गिळतो, दचकतो, जीभ मध्ये घालतो. आता काही महाविद्यालयांत तोंडात फिरवून दातांचे त्रिमिती चित्र घेणारे स्कॅनर आले आहेत, त्यावरून संगणकावर दाताची टोपी आखून यंत्राकरवी ती घडवता येते, आणि काही मोजक्या संस्थांत तर हाताला दाताचा कठीणपणा जाणवून देणारी आभासी सराव यंत्रेही आहेत. हे सर्व शिकण्यासारखेच आहे, कारण उद्याचा व्यवसाय त्याच दिशेने चालला आहे. परंतु ज्याने लगद्याने माप घेण्याची कला हस्तगत केली नाही त्याला स्कॅनरने घेतलेले चित्र कोठे फसले आहे हे ओळखता येत नाही. पालकांनी ही शाखा निवडण्यापूर्वी गुणपत्रिकेबरोबर मुलाचा हातही पाहावा: चित्रकला, मूर्तिकाम, शिवणकाम, घड्याळ खोलून पुन्हा जुळवणे, यांपैकी कशात तो रमतो काय? रमत असेल तर तो एमबीबीएसला मुकला याचे दुःख करू नये. रमत नसेल, तर कोणतेही यंत्र ती उणीव सहजासहजी भरून काढणार नाही.

आता त्या प्रकाशमान टेबलाविषयी. शवाचा आडवा छेद पडद्यावर घेऊन तोच छेद सीटी स्कॅनमध्ये कसा दिसतो हे शेजारी दाखवणे, चुकले तर पूर्ववत करणे, एकाच अवयवाकडे दहा दिशांनी पाहणे, ही कामे ते उत्तम करते. मज्जातंतू बोटाखाली दोरीसारखा लागतो आणि शीर दबते, हे ज्ञान मात्र काचेतून मिळत नाही. ते देहदान केलेल्या कोणा अनामिकाच्या शवापुढे उभे राहूनच मिळवावे लागते. टेबल शवविच्छेदनाला पूरक म्हणून असेल तर स्वागतार्ह, त्याऐवजी म्हणून असेल तर पालकाने सावध व्हावे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने महाविद्यालये बंद पडली तेव्हा व्याख्याने मोबाइलवर आली, आणि त्यांतील काही अंश मागे राहिला हे बरेच झाले. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलीला पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजी परिभाषेचा जो धक्का बसतो, त्यावर ध्वनिमुद्रित व्याख्यान थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकणे यासारखा उतारा नाही. वर्गात शंभर मुलांपुढे हात वर करण्याचा संकोच तेथे आड येत नाही. पण हीच सोय अनेकांना वॉर्डातून वसतिगृहाच्या खोलीत ओढून नेते, आणि पुढील प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीपायी छात्रसेवेच्या वर्षातही रुग्णाकडे पाठ फिरवली जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारून तयार उत्तर उतरवणे हाही त्यातलाच प्रकार. तिला आपले निदान तपासायला सांगावे, निदान करायला सांगू नये.

सोलापूरच्या पालकांना आपल्या दाराशी काय आहे याची पुरती जाणीव असते असे मला वाटत नाही. येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे. त्याला जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयाला सारा जिल्हा ‘सिव्हिल’ म्हणूनच ओळखतो. कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, दंतवैद्यकाचे शिक्षणही शहरात मिळते. सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात केस पेपरसाठी जी रांग लागते तीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. विडी वळणाऱ्या स्त्रिया, यंत्रमागावरचे कामगार, मशेरी लावणाऱ्या आजी, गुटख्यापायी तोंड दोन बोटेही न उघडणारे तरुण, ही सारी मंडळी ज्याला तपासायला मिळतात त्या विद्यार्थ्याने आपले भाग्य मानावे. नव्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला जागा दिली आहे आणि संवाद व सदाचार हा पुढे वर्षानुवर्षे चालणारा भाग आहे. या शहराला त्यात नवल वाटू नये: १९१० साली येथेच जन्मलेले आणि मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथील भाषा शिकले, आणि १९४२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत युद्धाच्या धुमश्चक्रीत रुग्णांवर उपचार करत राहिले.

तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून संबंधितांना काही साधे प्रश्न विचारावेत. पुतळे कुलपात आहेत की वापरात, आणि एका पुतळ्याभोवती एका वेळी किती विद्यार्थी उभे राहतात? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाने आपले लॉगबुक दाखवले तर त्यावरील सह्या महिन्यामहिन्याला पडलेल्या आहेत की एकाच शाईने एकाच दिवशी? दंतमहाविद्यालयात चालू स्थितीतील खुर्च्या किती, आणि ठरवून दिलेले काम पुरे करण्यासाठी विद्यार्थ्याला रुग्ण स्वतः शोधून आणावे लागतात काय? अवजारांचा संच विद्यार्थ्याने विकत घ्यायचा तर त्याचा खर्च फीमध्ये धरला आहे की निराळा? या प्रश्नांची उत्तरे कार्यालयातून फार क्वचित मिळतात. ती वसतिगृहाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, मुलांकडून, मोकळेपणी मिळतात.

यंत्रे उत्तम आणि रुग्णालय ओस, अशा संस्थेपेक्षा यंत्रे बेताची पण बाह्यरुग्ण विभाग गजबजलेला, अशी संस्था मी निःसंकोच पसंत करीन. दोन्ही असतील तर अर्थातच तीच पहिली. पसंतीक्रम भरण्याची मुदत थोडक्या दिवसांची असते. म्हणून पालकहो, निकालाची वाट न पाहता आधीच एखादा कामाचा दिवस काढा, मुलाला बरोबर घ्या, आणि सकाळी नऊ वाजता त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर उभे राहून या.