एम.ए.चा विभाग सांभाळताना

पोरी, पदव्युत्तर विभागाची समन्वयक झालीस, आनंद वाटला. आता तुझ्या टेबलावर फायलींचा ढीग येईल आणि त्यालाच तू काम समजशील, हे मला ठाऊक आहे. पण खरं काम समोरच्या बाकांवर बसलेलं असतं. म्हणून आत्याच्या या चार गोष्टी कानात ठेव.

१. वेळापत्रक मांडण्याआधी प्रत्येकाला विचार, कुठून येतोस, नोकरी आहे का, घरी कोणाचं करावं लागतं – शेवटच्या तासाला वर्ग का रिकामा होतो, याचं उत्तर पुष्कळदा एस.टी.च्या वेळेत सापडतं.

२. सगळ्या शिक्षकांना एकत्र बसवून इंटर्नलच्या तारखा एकाच कागदावर लिहून घे – प्रत्येकाला आपलीच असाइनमेंट दिसते, मुलांच्या अंगावर मात्र सगळ्या एकाच आठवड्यात येतात.

३. तपासलेला पेपर पंधरा दिवसांत परत दे, आणि गुणांखाली दोन ओळी लिही – नुसत्या आकड्यानं मूल हिरमुसतं नाहीतर फुगतं, सुधारत नाही. उशिराचा शेरा, रद्दीचा भारा.

४. दुसऱ्या सत्रातल्या ओजेटीची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची, जागा पहिल्याच सत्रात शोधायला लाग, आणि काय काम देणार ते त्या संस्थेकडून लिहून घे – चार श्रेयांकांचे १२० तास झेरॉक्स काढण्यात गेले, तर हजेरीपत्रक भरेल, पोरगं रिकामंच राहील. मराठीच्या मुलाला मुद्रितशोधन मिळू दे, इतिहासाच्या मुलीला संग्रहालयातल्या वस्तूंच्या नोंदी करू दे.

५. संशोधन प्रकल्पाकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्यात सहा श्रेयांक त्याचेच, पण त्याची तयारी पहिल्या सत्रात, संशोधनपद्धती शिकवतानाच व्हायला हवी. तिथेच मुलांकडून तीन-तीन विषयांवर अर्ध्या पानाची टिपणं लिहून घे – त्यातले दोन विषय गळतात, आणि ते लवकर गळलेले बरे.

६. प्रत्येक गाइडचा वार आणि वेळ ठरवून दारावर लाव – ‘सर, कधी येऊ?’ एवढं विचारायलाच काही मुलं महिनाभर कचरतात. ज्यांच्या घरात कॉलेजला आलेलं हे पहिलंच माणूस आहे, ती तर दारापर्यंत येऊन परत जातात. अशी मुलं ओळख आणि त्यांना स्वतः गाइडपुढे नेऊन बसव.

७. भेटीत काय ठरलं ते तीन ओळींत वहीत लिहून दोघांच्या सह्या घे – उद्या गाइड बदलला, तर मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

८. उचलेगिरीची तपासणी शेवटच्या आठवड्यात नको, पहिलं प्रकरण हाती आलं की कर. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं – त्याहून जास्त निघालं, तरी बहुतेक मुलं चोरी करत नसतात, संदर्भ कसा द्यायचा हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

९. सूचना फलकावर लाव, ग्रुपवर टाक आणि वर्गात जाऊन तोंडानं सांग – फलकावर लागलं ते फलकालाच कळलं. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचं तर विशेष सांग, कारण बँकखातं आधारला जोडलेलं नसलं की मंजूर झालेले पैसेसुद्धा अडकतात.

१०. पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आता आहे. कोणी त्यासाठी अर्ज आणला, तर सही करण्याआधी त्याला बसव आणि चहा पाज – फी, लग्न, नोकरी यांतलं काहीतरी कारण निघतं, आणि फीचा प्रश्न कधीकधी हप्ते पाडून सुटतो. खरंच जायचं असेल, तर त्याला कमी लेखू नकोस. परतीचा रस्ता नीट समजावून सांग.

११. मुलांचं मत सत्र संपल्यावर मागू नकोस, सहाव्या आठवड्यात नाव न लिहिता कागदावर घे – शेवटी भरलेला फॉर्म पुढच्या तुकडीच्या उपयोगाचा, भरणाऱ्याच्या नाही. त्यातली एक तरी गोष्ट लगेच बदल आणि बदलली असं वर्गात सांग, म्हणजे पुढच्या वेळी मुलं खरं लिहितील.

सगळं एकदम होणार नाही, आणि तू एकटीनं करूही नकोस. इंटर्नलच्या तारखांची बैठक तेवढी याच आठवड्यात बोलव. सत्र सुरू झाल्यावर सगळे शिक्षक एका वेळी सापडत नाहीत.