डिस्कची रांग कोण लावतं?

‘एनसीक्यू चालू केलं की डिस्क दुप्पट काम करते,’ असं पुरवठादाराने सांगितलं होतं, सोबत आलेखही दिला होता. एनसीक्यू म्हणजे आलेल्या मागण्यांचा क्रम डिस्कने स्वतःच लावणं. बंगळुरूच्या कोरमंगलात ऐंशी फुटी रस्त्याच्या मागे ऑफिस असलेल्या एका छोट्या कंपनीने त्या भरवशावर सर्व्हर घेतले. मग रोज रात्री बॅकअप सुरू झाला की काउंटरवरचे स्क्रीन गोठायला लागले. मला बोलावलं ते तेव्हा. साल २०१२च्या आसपासचं. तिथला सिस्टिम सांभाळणारा मुलगा बेळगावचा. दार लावून त्याने आधी हेच विचारलं, “सर, आलेख खोटा आहे का हो?”

खोटा नव्हता. चाचणी एका टेराबाइटच्या डिस्कवर घेतली होती, पण एका गिगाबाइटच्या फाइलवर. म्हणजे डोकं डिस्कच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातच हलत होतं. शिवाय बत्तीस वाचनं एकदम सोडलेली आणि दुसरं काम काहीच नाही. एनसीक्यूला याहून सोयीची परिस्थिती मिळणार नाही.

हिशेब साधा आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि डोकं योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला ऐंशीच्या आसपास. चार किलोबाइटचे तुकडे धरले तर जेमतेम ३२० किलोबाइट! सलग वाचताना हीच डिस्क सेकंदाला शंभराहून जास्त मेगाबाइट सहज देते. रांग लावण्याचा सगळा खटाटोप याचसाठी.

पण रांग दोन ठिकाणी लागते. लिनक्सचा शेड्युलर ब्लॉक क्रमांक बघून मागण्या लावतो. तबकडी या क्षणी कुठवर फिरली आहे, हे त्याला दिसत नाही. ते डिस्कला कळतं, आणि साटा डिस्क एनसीक्यूमुळे बत्तीस मागण्या पोटात घेऊन आपल्या सोयीने उरकते. मागणी कोणाची, हे मात्र तिच्या गावी नसतं. पंगतीत घाई कोणाला आहे हे यजमानाला ठाऊक असतं, पातेलं घेतलेला वाढपी समोरच्या पानावर वाढत सुटतो, तसंच. बॅकअपच्या मागण्या डोक्याजवळच्या असल्या की काउंटरची दूरची एखादी मागणी पडून राहते. सरासरी झकास, आणि ग्राहक समोर ताटकळलेला.

म्हणून शेड्युलर आणि एनसीक्यू यांची तुलना करायची तर दोन्ही एकदम बदलू नका. रांगेची खोली, म्हणजे डिस्क एका वेळी किती मागण्या पोटात घेते ती, एक ठेवून शेड्युलर पालटा, मग तीच फेरी पूर्ण खोलीवर घ्या. त्याआधी बायोसमध्ये एएचसीआय आहे ना ते बघा. जुन्या आयडीई मोडमध्ये एनसीक्यू चालतच नाही आणि माणूस नसलेल्या गोष्टीचे आकडे मांडत बसतो. काही मॉडेलांचं फर्मवेअर बिघडलेलं म्हणून लिनक्स स्वतःच एनसीक्यू बंद ठेवतं. एफआयओ हे चाचणीचं साधन चालवताना डायरेक्ट पर्याय लावा, नाहीतर मोजाल ती रॅम. डिस्कच्या पूर्ण पसाऱ्यावर वाचा, मागे रोजचं काम चालू ठेवा, आणि सरासरीआधी सर्वांत रेंगाळलेल्या एक टक्का मागण्या बघा.

लिहिण्याच्या चाचणीत आणखी एक फसगत. डिस्कची राइट कॅश चालू असेल तर डिस्क आधीच ‘झालं’ म्हणून मोकळी होते आणि लिखाण मागाहून हवं तसं लावते. मग एनसीक्यूचा फरक दिसायचा कुठे? आकडा वाढावा म्हणून फाइलसिस्टिमचे बॅरिअर, म्हणजे लिखाण खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करणारी सोय, काढणारे मी पाहिले आहेत. कोरमंगलात उन्हाळ्यात लाइट जाते, जनरेटर उचलेपर्यंत यूपीएसने दगा दिला की डेटाबेस गेलाच म्हणून समजा.

त्या ऑफिसात आम्ही सीएफक्यू हाच शेड्युलर ठेवला, बॅकअपला आयोनाइस या आदेशाने सर्वांत खालचा वर्ग दिला आणि रांगेची खोली उतरवली. डेडलाइन या दुसऱ्या शेड्युलरवर तेव्हा आयोनाइसचा काही उपयोग नसे, म्हणून तो घेतला नाही. बॅकअप लांबला. मालकांना ते रुचलं नाही, पण काउंटर चालू राहिला.

सीएफक्यू २०१९च्या ५.० कर्नलमधून गेला, तेव्हा जुन्या लेखांतल्या सेटिंग जशाच्या तशा उचलू नका. आज हार्डडिस्कवर एमक्यू-डेडलाइन आणि बीएफक्यू हे शेड्युलर ताडून बघावेत. मिश्र कामाला माझा कल बीएफक्यूकडे, कारण तो मागणी कोणाची ते बघतो. आणि डिस्क घेताना ती सीएमआर की एसएमआर हे बिलावर लिहून घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. थोडा वेळ लिहिलं तर काही जाणवत नाही, तासन्‌तास लिहिलं की डिस्क बसते, आणि तिथे कुठलाच शेड्युलर कामाला येत नाही. नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर आहेत हे २०२० साली बोभाटा झाल्यावरच ग्राहकांना कळलं होतं.