आषाढात जाऊन ये, मग ठरव

बाबू, कंपनीच्या बदलीला रत्नागिरी घ्यावी की पणजी, हे ठरवायच्या आधी विचारलंस ते बरं केलंस. ह्यांच्या बँकेच्या बदल्यांमुळे मी दोन्ही गावांत चूल मांडली आहे. त्यातलं काही मी स्वतः पाहिलं, काही रत्नागिरीच्या आमच्या घरमालकीणबाईंनी शिकवलं, काही सासूबाईंकडून आलं. सासूबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण मिलमुळे आणि डेपोमुळे पुलगावात येणारी-जाणारी बदलीची माणसं त्यांनी जन्मभर पाहिली. त्यांचा एक सांगावा होता: नव्या गावात पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढायचा, विकत घ्यायचं ते नंतर. तो मी पुढे माझ्या सुनेला दिला, आता तुला देते.

तू डिसेंबरात दोन्ही गावं बघून आलास आणि दोन्ही आवडली म्हणतोस. आवडणारच. डिसेंबरात भाट्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की आपल्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला वाटतं, इथेच राहावं. मिरामारलाही तसंच. म्हणून डिसेंबरातल्या पसंतीवर काही ठरवू नकोस. दोन खेपा पुन्हा कर. एक मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी बघायला. दुसरी आषाढात, घर बघायला. आणि दोन्ही खेपांना सूनबाईला, तुझ्या बायकोला, सोबत ने. दिवसाचे बारा तास घरात आणि घरामागच्या नळावर तिला काढायचे आहेत.

आधी आषाढाचं सांगते, कारण इकडची माणसं तिथेच हरतात. आपल्या वर्धा जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीत आणि गोव्यात तीन हजारांच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. छत्रीपुरता तो प्रश्न नाही. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, गाद्या जड होतात, चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी धरते, काडेपेटी पेटत नाही. ज्याला दमा किंवा ॲलर्जी आहे त्याची छाती तिथे बोलते. तुला लहानपणी सर्दीचा किती त्रास होता ते मला माहीत आहे. ते डॉक्टरला सांगूनच पुढे जा.

घर बघताना दिवाणखान्यात बसून चहा घेऊ नकोस. सरळ पश्चिमेच्या खोलीत जा, कारण पाऊस त्याच अंगाने झोडपतो. भिंतीला तळहात लाव. कपाट भिंतीपासून हातभर ओढायला सांग आणि त्याची पाठ बघ. काळे ठिपके दिसले तर तो रंग वरवरचा आहे, दरवर्षी उठणार. भिंतीला नुकताच रंग दिलेला असेल तर खिडकीची कडी, कोयंडा, बिजागरी बघ. खाऱ्या वाऱ्याने लोखंड किती खाल्लंय ते तिथे लपत नाही. पागोळ्या कुठे पडतात, ते पाणी जोत्यापासून लांब जातं की पायात मुरतं, हे भर पावसात उभं राहूनच कळतं. जांभ्या दगडाचं, उतरत्या कौलारू छपराचं जुनं घर असेल तर कौलं शाकारायची कामं दर वैशाखात कोण करतं ते विचार, माणूस मिळतो का तेही विचार. नवा फ्लॅट असेल तर वरच्या मजल्याचा अजिबात घेऊ नकोस, जोवर गच्चीवर पत्र्याचं छप्पर नाही.

आता इथून काय न्यायचं नाही ते ऐक. कूलर नेऊ नकोस. आपला कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. ताट्यांतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि हवा गार होते. तिथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की कूलरने खोली नुसती चिकट होते. मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तिथे तेहेतीस-चौतिसावर असतो, पण घाम अंगावरच राहतो, वाळत नाही. तिथे खिडक्या समोरासमोर हव्यात आणि पंखा चांगला हवा. प्लायवूडचे पलंग-टेबल इथेच विकून टाक, एका पावसाळ्यात फुगतील. सागवानाचं असेल ते ने. लोखंडी कपाट न्यायचंच असेल तर खाली लाकडी ठोकळे दे आणि दर दिवाळीला रंगव.

वर्षाचं धान्य भरायची आपली रीत तिथे चालत नाही. इथे गहू-ज्वारी उन्हात कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत टाकलं की वर्षभर बघावं लागत नाही. तिथे श्रावणापर्यंत तुरीच्या डाळीत टोके होतात. महिन्या-दोन महिन्यांचं आण, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. तिथल्या बायकांची आगोट वेगळी असते. मेअखेर कोकम, सुकी मिरची, फणसाचे पापड, खाणाऱ्यांकडे सुकी मासळी, असं पावसाच्या चार महिन्यांपुरतं भरतात. गोव्यातही मे महिन्यात याच कामासाठी पुरुमेंताच्या जत्रा भरतात. शेजारीण ज्या दिवशी भरायला निघेल त्या दिवशी सूनबाईने पिशवी घेऊन सोबत जावं. ओळखी अशाच होतात. आपल्या कुरडया आणि सरगुंडे मात्र इथेच वाळवून घेऊन जा, असं कडक ऊन तिथे मिळत नाही.

पाण्याचं लोकांना खोटं वाटतं, पण तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. कातळाचा उतार, त्यात जांभा सच्छिद्र, पाणी थांबत नाही, निघून समुद्राला मिळतं. रत्नागिरी शहराला शीळ धरणाचं पाणी येतं, पणजीला ओप्याच्या प्रकल्पातून खांडेपार नदीचं. नगरपालिकेच्या नळावर असलेलं घर आणि चढावर विहिरीच्या भरवशावर असलेलं घर, यांच्या भाड्यातला फरक बघून भुलू नकोस. विहीर असेल तर मेअखेर वाकून बघ, तळाला किती आहे. किनाऱ्याजवळची असेल तर चाखून बघ.

इथवर दोन्ही गावं सारखीच. फरक पुढे आहे, आणि माझ्या मते तुझा निर्णय तिथेच होतो. पणजी दुसऱ्या राज्यात आहे. सुट्टीला जाणाऱ्याला हे जाणवत नाही. संसार हलवणाऱ्याला पावलोपावली जाणवतं.

तुझी पोरगी नववीत आहे आणि डॉक्टर व्हायचं म्हणते. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात राज्याच्या वाट्याच्या 85 टक्के जागा असतात. त्यांच्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो आणि त्यासोबत दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बोर्ड कोणतंही चालतं, पण शाळा-कॉलेज राज्यातलं हवं. सरकारी नोकरांच्या बदलीला काही सूट आहे, तुझी नोकरी खासगी आहे. म्हणजे आत्ता तिला पणजीच्या शाळेत घातलंस तर इकडचा हक्क जाण्याची भीती, आणि तिकडे वास्तव्याची वर्षं भरलेली नाहीत म्हणून तिकडचा मिळणार नाही. लेकरू दोन्हीकडून अधांतरी राहील. प्रवेशाची नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते, ती स्वतः वाच, एजंटाच्या तोंडावर जाऊ नकोस. आपल्या ओबीसी दाखल्याचंही तेच. राज्य ओलांडून गेलेल्याला तिथल्या राज्याच्या सवलती इथल्या दाखल्यावर मिळत नाहीत. रत्नागिरीत हा दाखला जसाच्या तसा चालतो.

गाडीचं त्यामानाने किरकोळ. एमएच 32 ची गाडी रत्नागिरीला फक्त पत्ता बदलून चालेल. गोव्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर वर्ध्याच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, तिकडे पुन्हा नोंदणी, पुन्हा रस्ता कर, आणि इकडचा उरलेला कर परत मागायचा अर्ज. होतं सगळं, पण रजा खातं.

दवाखान्याच्या बाबतीत मात्र पणजीचं पारडं जड आहे, आणि हे मी लपवणार नाही, कारण वहिनी, म्हणजे तुझी आई, तुझ्याबरोबर येणार आहेत. आपल्याला पुलगावात राहून कळत नाही की सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं तासाभराच्या आत असणं हे केवढं सुख आहे. रात्री छातीत दुखलं तर गाडी काढायची आणि निघायचं. पणजीहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अगदी जवळ. पोर्तुगिजांनी 1842 मध्ये काढलेल्या वैद्यकशाळेची ती परंपरा आहे, आणि उपचार चांगले मिळतात. पण गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे 2018 पासून शुल्क लागतं, आणि गोवा सरकारच्या विमा योजनेसाठी पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, हे धरून चाल. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, 2023 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. तरी मोठ्या आजाराला लोक अजून डेरवणच्या रुग्णालयात नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूरला जातात. पावसात तो घाट रात्री चढायचा म्हणजे जिवाला घोर. म्हणून रत्नागिरीला गेलास तर घर शहरातच घे, रुग्णालयाच्या टापूत. गणपतीपुळ्याकडे समुद्र दिसणारं घर स्वस्त मिळतंय म्हणून तिकडे जाऊ नकोस. आणि वहिनींना आषाढ लागला की पुलगावात आणून सोड, मी आहे. कोजागिरीनंतर ने. आपला मे महिना त्यांनी तिकडे काढावा, तिकडचा पाऊस इकडे. साठीनंतरच्या सांध्यांना हेच मानवतं.

येण्याजाण्याचं नीट समजून घे. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गाने धावते. नागपूर-मडगाव विशेष गाडी आपल्या मार्गाने जाते आणि रत्नागिरीलाही थांबते. पण विशेष गाडी रेल्वे मुदत वाढवेल तोवरच चालते. नाहीतर कल्याण-पनवेलला गाडी बदलायची. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, दरडींच्या भीतीने गाड्या सावकाश चालवतात, तेव्हा पुढची गाडी अर्ध्या तासाच्या अंतराने धरायचा बेत करू नकोस. रस्त्याने रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या देवळीवरूनच जातो, कोल्हापूर-सोलापूर-नांदेड-यवतमाळ करत. लांब आहे, पण एकाच रस्त्याचं दुसरं टोक आहे. पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंतच्या शक्तिपीठ महामार्गाचं लोक तुला सांगतील. त्याच्या जमिनीवरून शेतकऱ्यांची आंदोलनं झाली आहेत. जो रस्ता अजून झाला नाही त्याच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांपासून किती लांब राहायचं ते ठरवू नये.

जागा घ्यायची वेळ येईल तेव्हा, म्हणजे दोन पावसाळ्यांनंतर, एवढं लक्षात ठेव. रत्नागिरीकडच्या सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याला वीस-वीस नावं असतात, अर्धी मुंबईत. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय इसार देऊ नकोस. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो, आणि तिथल्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक धरतात, म्हणून विकणाऱ्याच्या बायकोची सही हवीच. दोन्हीकडे भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरच्या आत सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. समुद्र जितका जवळ तितका वकील आधी गाठ.

माणसांचं थोडं सांगते. पंचेचाळिशी-पन्नाशीत नवं गाव जड जातं ते एकटेपणाने. आपल्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर बसलं की चार माणसं आपोआप येतात. तिथे घरं लांब लांब, मध्ये माडा-पोफळीचं कुंपण, आणि पावसात तर कुणी बाहेरच दिसत नाही. पहिल्या वर्षी सूनबाई रडेल, तिला एकटं सोडू नकोस. वाचनालयाचं सभासद व्हा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं आहे, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 चं. दोन्ही ठिकाणी मला जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या, अजून फोन येतात. गोव्यात घरात कोंकणी चालते, पण मराठी वर्तमानपत्रं आहेत, मराठी नाटकाचं तर वेड आहे. भाषेपायी तिथे अडत नाही.

तेव्हा माझं मत विचारशील तर पोरीची बारावी होईपर्यंत रत्नागिरी. कंपनीला सांग, तीन-चार वर्षांनी गोव्यात वेर्ण्याला पाठवा. तोवर खारी हवा, पाऊस, मासळीचा वास, सगळ्यांची सवय झालेली असेल, आणि गोव्यात उतरशील तेव्हा तू नवखा नसशील. सूनबाईचं मत वेगळं पडलं तर तिचं ऐक, फक्त शाळेच्या बाबतीत माझं ऐक.

आणि निघायच्या आधी पोरीचा अधिवास दाखला आणि जात वैधता वर्ध्यातूनच करून घे, पुरावे सगळे इकडचे आहेत. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा कागद लागतो. बाबांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, शाळेचा दाखला माझ्याकडे लोखंडी पेटीत आहे, त्यावर जात स्पष्ट लिहिलेली आहे. रविवारी सकाळी ये, त्याच्या साक्षांकित प्रती काढून घेऊ, मूळ दाखला माझ्याकडेच राहील.